बिनविरोध फायनल

चिंचमळ्याच्या दूध डेअरीत भिंतीवर एक काळा फळा होता आणि त्याच्या मधोमध सावळारामानं एक उभी रेघ ओढलेली होती. रेघेच्या डावीकडं फॅट, डिग्री आणि दुधाचा भाव. उजवीकडं संघांची क्रमवारी. डावी बाजू वरून ठरून यायची, तिच्यात सावळारामाला काडीचा अधिकार नव्हता. उजवी बाजू मात्र त्याच्या एकट्याच्या डोक्यातून उतरायची. ते डोकं कितपत चालतं हे विचारायची कुणाची छाती नव्हती, कारण डेअरीचा सचिव तोच, फॅट काढणाराही तोच, आणि ज्याचं दूध मापायचं बाकी असतं त्याच्या तोंडाला फार जोर नसतो.

कॅनॉलपलीकडच्या बोरमळ्याचा म्हस्कू मात्र भांडायचा. त्याच्या बापानं मेंढरं विकून ऊस लावला होता, पण हट्ट मेंढराचाच राहिला होता. तो म्हणायचा, सावळारामतात्याशी क्रमवारीवर वाद घातला की आपली फॅट दोन पॉइंटांनी उतरती. हे साफ खोटं होतं. सावळाराम दुधात कधी लबाडी करत नव्हता. वीस वर्षांत एका थेंबाचा आळ त्याच्यावर आला नव्हता, आणि हे मी मुद्दाम आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं जे झालं ते दुधात झालं नाही.

क्रमवारीत सगळं होतं. एक नंबरला चिंचमळ्याचा हनुमान कबड्डी संघ. दोनला बोरमळ्याचा बिरोबा संघ. तीनला बारामतीच्या कॉलेजची पोरं, चारला इंदापूरच्या कॉलेजची. त्याखाली वालचंदनगरच्या कामगारांचा व्हॉलीबॉल संघ, मग भवानीनगरच्या ऊसतोड्यांचा रस्सीखेच संघ, आणि त्याच्याही खाली भारताचा क्रिकेट संघ. भारत आधी तीनवर होता. शहाण्णव सालच्या मार्चमध्ये कलकत्त्याला वर्ल्डकपची सेमीफायनल घालवली, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या दुधाला सावळारामानं ओल्या फडक्यानं भारत पुसला आणि ऊसतोड्यांच्या खाली लिहिला. लोकांना वाईट वाटलं, पण अन्याय झाला असं कुणी म्हणालं नाही.

"क्रिकेट आन कबड्डी एका तक्त्यात कसं काय बसतं तात्या?" म्हस्कूनं एकदा विचारलं.

"म्हशीची फॅट काढतो, गाईची बी काढतो," सावळाराम म्हणाला. "मशीन दोन हायती का?"

सावळाराम तरुणपणी दोन हंगाम साखर कारखान्यात काट्यावर होता. तिथून येताना तो एकच गोष्ट घेऊन आला होता, ती म्हणजे उतारा. शंभर किलो उसामागं साखर किती पडली, तो उसाचा उतारा. मग शंभर चढायांमागं गुण किती पडले, तो संघाचा उतारा. बाकीचे लोक पानटपरीवर नुसते बोंबलतात, अमका भारी, तमका भारी. सावळाराम सायकलवर पंधरा-वीस किलोमीटर तंगडतोड करून सामना बघायचा, मांडीवर वही ठेवून प्रत्येक चढाई टिपायचा आणि घरी येऊन भागाकार करायचा. क्रिकेटचा उतारा तो कसा काढायचा हे मात्र त्यानं शेवटपर्यंत कुणाला सांगितलं नाही.

खरा वाद एकच होता. हनुमान मोठा का बिरोबा? चार वर्षं दोघं समोरासमोर आलेच नाहीत. एका साली हनुमान आधीच हरला, एका साली बिरोबा. एका साली कबड्डीच्या मैदानात कुणीतरी कॅनॉलचं पाणी सोडलं. चौथ्या साली पंचच आले नाहीत. त्यामुळं सकाळ-संध्याकाळ दोन्ही दुधांना सावळाराम आणि म्हस्कू भांडायचे, आणि बाकीचे कॅन खाली ठेवून ऐकायचे. म्हस्कूचं म्हणणं, तुमच्या हातात खडू हाय म्हणून तुमी एक नंबर. सावळारामाचं म्हणणं, उताऱ्यात तुमी पॉइंट तीननं मागं हाय. खरं सांगायचं तर त्या भांडणावाचून दोघांनाही दिवस गोड लागत नव्हता. म्हस्कू आजारी पडला तेव्हा सावळाराम चार दिवस चिडचिड करत होता आणि पाचव्या दिवशी भांडण करायला त्याच्या घरी गेला.

त्या साली चैत्रातल्या जत्रेत देवानंच मनावर घेतलं. शनिवारी दोन्ही सेमीफायनल झाल्या आणि हनुमान-बिरोबा फायनलला आले. रविवारी दुपारी चार वाजता, चिंचमळ्याच्या शाळेच्या मैदानात.

दोन्हीकडच्या वस्त्यांना त्या दिवशी जेवण गेलं नसेल, पण सगळ्यांत जास्त जीव टांगणीला लागला होता तो सोपानचा. सोपान सावळारामाचा भाचा, बहीण धोंडाबाईचा एकुलता एक. नवरा गेला तेव्हा धोंडाबाई सात वर्षांच्या पोराला घेऊन माहेरी आली, आणि मामानंच त्याला वाढवलं. इंदापूरच्या कॉलेजात घातलं, तिथं तो कबड्डीत चमकला, आता चोविसाव्या वर्षी लोकाच्या ट्रॅक्टरवर रोजानं जात होता आणि हनुमान संघाचा तो पहिला चढाईपटू होता. पुण्याहून जिल्ह्याच्या निवड समितीचे एक सर फायनल बघायला येणार होते. येणार होते म्हणजे सोपानलाच बघायला येणार होते, कुणीतरी त्यांच्या कानावर त्याचं नाव घातलं होतं. जिल्ह्याच्या संघात आला की कंपन्यांचे संघ विचारतात, आणि कंपनीच्या संघात आला की कायमची नोकरी. धोंडाबाईनं पाच शनिवार मारुतीला तेल घातलं होतं.

"दादा," ती भावाला म्हणाली, "तुझा नंबर-बिंबर राहू दे. माझं पोरगं त्या सरांच्या नजरंला पडलं पायजे, बास."

"पडतंय की," सावळाराम म्हणाला. "फायनल हाय. त्यातनं पडणार न्हाय तर कशातनं पडंल?"

पण शनिवारी संध्याकाळच्या दुधाच्या आधी त्यानं वही उघडली, दोन्ही सेमीफायनलच्या चढाया घातल्या आणि भागाकार केला. हनुमान, अडतीस पूर्णांक चार. बिरोबा, एकोणचाळीस पूर्णांक एक. त्यानं परत केला. तेच. तिसऱ्यांदा त्यानं उलटीकडून बेरीज केली, आणि बेरीज ही अशी कजाग बाई आहे की कुठूनही बोलवा, तेच बोलते. चार वर्षं तो सगळ्यांना जे छाती ठोकून सांगत होता ते त्याच्याच वहीनं खोडून काढलं होतं. त्यानं ते पान दुमडलं, वही फॅटच्या मशीनखाली सारली आणि फळ्यावर काहीच बदललं नाही. म्हस्कू दूध घालायला आला तेव्हा सावळारामाला त्याच्या नजरेला नजर देता आली नाही. फॅट मात्र सहा लागली, ती सहाच लिहिली.

रविवारी सकाळी देवळात बैठक बसली. बैठक बोलावली आबाजीरावांनी. आबा म्हणजे सोसायटीचे चेअरमन, जत्रा कमिटीचे चेअरमन, आणि ज्या कमिटीला चेअरमन नसेल तिचेही चेअरमन. आबांची सगळ्या पंचक्रोशीत एकाच गोष्टीसाठी ख्याती होती. त्यांच्या हद्दीत निवडणूक होत नसे. सोसायटी चौदा वर्षं बिनविरोध, ग्रामपंचायत दोनदा बिनविरोध, दूध डेअरी पहिल्यापासून बिनविरोध. शाळेतल्या वर्ग-मॉनिटरची निवडणूकसुद्धा त्यांनी एकदा बिनविरोध करून दाखवली होती, आणि ज्या पोरानं माघार घेतली त्याला घंटा वाजवायचं काम दिलं होतं. आता पुढच्या महिन्यात सोसायटीची मुदत संपत होती, आणि चिंचमळा व बोरमळा दोन्हीकडची मतं आबांना एका टोपलीत पाहिजे होती.

आबांनी पान लावलं, तोंडात घातलं, आणि सगळे गप्प झाल्यावर बोलायला सुरुवात केली.

"खेळ म्हंजी शेवटी इलेक्शनच. दोन पार्ट्या. एक निवडून येणार, दुसरीचं तोंड उतारणार. मंग शिव्या, मंग दगडं. कॅनॉलच्या पाण्याची पाळी चालू हाय, ऐन उन्हाळ्यात एकमेकांची पाटाची दारं फोडाया लागलो तर ऊस जळंल दोघांचा. म्हणून माझी इनंती हाय. फायनल बिनविरोध करू."

बाहेर जत्रेतला पिपाणीवाला वाजवतच होता. मग दोन-चार डोकी हलायला लागली. हसू नका. तुम्हाला ऐकायला वेड्यासारखं वाटत असेल, पण ज्या गावात चौदा वर्षं सगळं बिनविरोध झालेलं असतं तिथं माणसाला एखादी गोष्ट भांडून ठरवायची लाज वाटायला लागते. त्यांना ते शहाणपणाचंच वाटलं.

"आबा," म्हस्कू उभा राहिला, "खेळ खेळायचा आस्तुय."

"मी कुठं न्हाय म्हणतोय? खेळा की. समदं वरीस पडलंय. फकस्त फायनल नगं."

"मंग जिंकलं कोण?"

आबांनी ते आधीच करून ठेवलं होतं. बिरोबा संघ आपला अर्ज मागं घेणार. बदल्यात पुढच्या जत्रेची फायनल बिरोबाला बिनविरोध, यंदाचा मानाचा नारळ बोरमळ्याला, आणि सोसायटीत एक जागा वाढवून. बोरमळ्याच्या जुन्या मंडळींनी माना डोलावल्या होत्या, त्यांना गुणांपेक्षा जागा समजत होती. राहता राहिला एकच प्रश्न. उद्या कुणी विचारलं की हनुमान कशावरून एक नंबर, तर सांगायला एक जाणकार माणूस पाहिजे.

"सावळाराम," आबा वळले. "तुजा फळा काय म्हणतोय?"

"हनुमान एक नंबर हाय आबा."

"तर मंग ठराव तूच मांड. आन आता खडूबिडू नगं. कळंबचा पेंटर बोलवलाय, आइलपेंटनं लिहून घिऊ. खाली तुजं नाव. क्रमवारी प्रमुख."

सावळाराम नकळत ताठ बसला. खडूनं लिहिलेलं चार वर्षं जो-तो पुसायला टपलेला. आइलपेंट म्हणजे आइलपेंट. शिवाय नाव.

म्हस्कू अजून उभाच होता. तो आबांकडं बघत नव्हता, सावळारामाकडं बघत होता. "तात्या, तुमी तरी बोला," तो म्हणाला. "चार वर्सं आपून जीव खाल्ला एकमेकांचा. आज उत्तर मिळणार हुतं. तुमाला नगं व्हय उत्तर?"

आता बघा, हाच तो क्षण. सावळाराम एवढंच म्हणाला असता की खेळू द्या, तर आबांचीही टाप नव्हती पुढं रेटायची, कारण क्रमवारीचा माणूसच नको म्हणतोय म्हटल्यावर ठराव कसला. पण सावळारामाला त्या वेळी फक्त एकोणचाळीस पूर्णांक एक दिसत होतं. सामना झाला तर ते सगळ्या दुनियेला दिसणार होतं.

"उत्तर फळ्यावर हाय की," तो म्हणाला.

म्हस्कू खाली बसला. खांबाशी सोपान उभा होता, पायात खेळायची चड्डी आधीच चढवलेली. तो पुढं आला आणि हळू आवाजात म्हणाला, "मामा, ते सर आज यायचेत."

"यीऊ दे की. तू एक नंबरच्या संघाचा पयला चढाईपटू. ठराव हाय, शिक्का हाय. सर शिकल्यालं हायती, त्यांना वाचता येत न्हाय व्हय?"

आणि हे सावळाराम मनापासून बोलला, ही तर गंमत. सगळी हयात तो सामने बघून कागद लिहीत आला होता. नुसत्या कागदावर कुणाचं भागणार नाही, सामना बघावाच लागेल, हे त्याच्या मनातही आलं नाही. ठराव क्रमांक तीन, अंतिम सामना बिनविरोध करणेबाबत, सूचक सावळाराम. सगळे म्हणाले मंजूर, मंजूर, आणि आबांनी इतिवृत्त पुढं सरकवलं. सावळारामानं सही केली. सोपान तोवर निघून गेला होता.

दुपारी एक वाजेपर्यंत पेंटरनं फळ्याची उजवी बाजू पिवळ्या अक्षरांत रंगवून टाकली. घाई होती म्हणून त्यानं पहिला नंबरच तेवढा मोठा लिहिला, बाकीचे संघ जागेत बसेनात. भारतालाही जागा मिळाली नाही.

चार वाजता निवड समितीचे सर आले. बुटके, उन्हानं लाल झालेले, गळ्यात शिट्टी आणि काखेत फाइल. मैदानात चुन्याच्या रेघा ताज्या होत्या, बॅन्ड वाजत होता, आणि हनुमान संघ हार घालून खुर्च्यांवर बसला होता. सर पाणी प्याले, घड्याळ बघितलं आणि विचारलं, "सामना किती वाजता?"

"झाला," आबा म्हणाले.

"चारचा होता ना?"

"सकाळी नवालाच झाला. देवळात. बिनविरोध."

सरांना पहिल्यांदा वाटलं, ऐकायला चूक झाली. मग त्यांना ठराव दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि चष्मा पुसला. "अहो, पण मला त्या सोपानचा खेळ बघायचा होता. दुसऱ्या संघाला बोलवा, दहा मिनिटं तरी खेळू द्या."

बिरोबाची पोरं नव्हती. नारळ फोडून झाल्यावर ती ट्रॉलीत बसून बारामतीला निघून गेली होती, सिनेमाला. रागानंच गेली होती. सरांनी मग आपसांत दोन गट पाडून खेळा म्हटलं, पण संघातले निम्मे आबांच्या मिरवणुकीची जीप सजवायला लागले होते, आणि हार घातलेल्या माणसांनी मातीत लोळणं आबांना शोभेसं वाटेना.

"सर, चढाई तर चढाई," आबा म्हणाले. "समोर कुणी पायजेच कशाला? सोपान, दाखीव रं सरांना."

सोपाननं मामाकडं बघितलं. सावळारामानं मान हलवली, जा म्हणून. ती मान तो पुढं कितीतरी दिवस आठवत राहिला.

सोपाननं हार काढून खुर्चीवर ठेवला. मधल्या रेघेला हात लावून कपाळाला लावला आणि दम भरला. कबड्डी, कबड्डी, कबड्डी. पलीकडं मोकळं मैदान. तो डावीकडं झेपावला, उजवीकडं वळला, पाय मागं फेकला. पोरगं खरंच विजेसारखं होतं, पण वीज पडायला काहीतरी लागतं. पाय हवेत फिरला आणि रिकामाच परत आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बॅन्डवाल्यानं ढोलावर थाप मारली. सोपान दम न सोडता परत रेघेवर आला, तिथंच थांबला आणि त्यानं खाली बघितलं. गर्दीच्या कडेला बायकांत धोंडाबाई बसली होती. तिनं पदर तोंडाला लावला.

सरांनी फाइलमधून एक छापील फॉर्म काढला. वाईट माणूस नव्हता तो. त्यानं सोपानचं नाव लिहिलं, वय लिहिलं, कॉलेज लिहिलं. मग एका रकान्यापाशी पेन थांबलं. अंतिम सामन्यातील चढाया, अंतिम सामन्यातील गुण.

"किती लिहू?" त्यांनी विचारलं.

"तुमीच सांगा, किती लागत्यात?" आबा म्हणाले. "सर्वानुमते करून देतो."

सरांनी गर्दीकडं तोंड वळवलं. "इथं कुणी सगळ्या चढायांची नोंद ठेवतं म्हणे, वही आहे म्हणे. कोण ते?"

सगळ्यांनी सावळारामाकडं बघितलं. मशीनखालची वही सकाळीच सवयीनं परत काखेत आली होती. वीस वर्षं त्याला वाटत होतं की एक दिवस कुणीतरी मोठा माणूस येईल आणि आपली वही मागेल. आज पुण्याचा माणूस मागत होता.

"आजच्या सामन्यात सोपानचे गुण किती?" सर म्हणाले. "तुम्ही सांगाल ते लिहितो. खरं तेवढं सांगा."

दहा म्हण, असं सावळारामाच्या मनात आलं. बारा म्हण. कोण विचारतंय? आबा डोळ्यांनी खुणावतही होते. पण सहा लागलेली फॅट ज्यानं जन्मात सात लिहिली नाही त्याच्या तोंडून बारा निघेना. खोटं लिहायचं त्याला जमत नव्हतं. खरं दडवायचं तेवढं कालपासून जमायला लागलं होतं.

"शून्य," तो म्हणाला.

"चढाया?"

"त्या बी शून्य."

सरांनी दोन्ही रकान्यांत शून्य लिहिलं, शेरा लिहिला, खेळ पाहता आला नाही, आणि फाइल बंद केली. पुढच्या साली सोपानचं वय बसेल का, असं धोंडाबाईनं येऊन विचारलं. सरांनी तारीख परत बघितली आणि नाही म्हणून सांगितलं. साडेपाचच्या एसटीनं ते गेले. आबांनी त्यांना नारळ दिला, तो ते खुर्चीवर विसरून गेले.

त्या संध्याकाळी घरात चूल नेहमीच्या वेळेला पेटली. सोपान ओरडला असता, ताट फेकलं असतं, तर सावळारामाला बरं वाटलं असतं. पण तो जेवला, ताट उचललं, आणि उद्या ट्रॅक्टरवर लवकर जायचंय म्हणून झोपला. धोंडाबाई तेवढी म्हणाली, "दादा, तुजा नंबर आला न्हवं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी डेअरी उघडल्या उघडल्या सावळारामानं ओलं फडकं घेतलं आणि फळा घासायला लागला. पाण्यानं गेलं नाही, राखेनं गेलं नाही. रॉकेल लावलं तर डाव्या बाजूचा भाव पुसला गेला, आणि हनुमान नुसता जास्त चमकायला लागला. लोक कॅन घेऊन आले, बघत राहिले.

मग म्हस्कू आला. सावळारामाला त्याला बघून इतका आनंद झाला की त्यानं स्वतःहूनच काढलं, "काय म्हस्कू, बिरोबाचा उतारा मी परत तपासला. तुजं म्हणणं..."

"ऱ्हाऊ द्या तात्या," म्हस्कू म्हणाला. "तुमचाच एक नंबर. मापा दूध."

"आरं, पर वहीत येगळंच निघालंय. एकोणचाळीस पॉइंट एक. तुमी पुढं हाय."

"आसंल," म्हस्कू म्हणाला. त्याचा आवाज रागाचाही नव्हता. "फॅट किती लागली?"

चार वर्षं ज्या वाक्यासाठी म्हस्कू डोकं फोडत होता ते वाक्य सावळारामानं त्याच्या हातावर ठेवलं, आणि त्यानं ते बघितलंही नाही. तो कॅन रिकामा करून निघून गेला. मागची माणसंही दूध घालून निघून गेली. डेअरीत मशीनची घरघर तेवढी चालू होती.

असे तीन दिवस गेले. गुरुवारी संध्याकाळी दुधाची वेळ झाली आणि कुणीच आलं नाही. साडेपाच झाले, पावणेसहा झाले. सातला दुधाची गाडी यायची होती, सावळाराम दारात येऊन उभा राहिला. तेवढ्यात कॅनॉलपलीकडून, बोरमळ्याच्या पडीक रानातून मोठा आरडाओरडा उठला. थोडा वेळ शांत. परत उठला. तो आवाज सावळारामाला झोपेतही ओळखू आला असता. पकड झाली की वेगळा उठतो, चढाईपटू सुटून आला की वेगळा. पोरांनी फायनल लावली होती. ना कमिटी, ना बॅन्ड, ना ठराव. आणि चोरांनी वेळ अशी धरली होती की सगळी दुनिया जाऊ शकेल, डेअरीचा सचिव तेवढा जाऊ शकणार नाही. गाडी आली आणि डेअरीला कुलूप दिसलं तर साऱ्या गावाचं दूध परत जातं.

सावळाराम दारात वही घेऊन उभा राहिला. आवाजावरून टिपायचा प्रयत्न त्यानं केला. एक उठला की एक रेघ. पण रेघ कुणाच्या नावावर ओढायची ते कळेना. कॅनॉलच्या वाऱ्यात हनुमान आणि बिरोबा सारखेच ऐकू येत होते. सोपान सुटला का धरला गेला, एवढं तरी कळावं म्हणून त्याचा जीव कासावीस झाला. त्यानं वही मिटली.

पावणेसातला सगळे एकदम आले. चिंचमळ्याचे, बोरमळ्याचे, मिसळून, घसा बसलेले, तोंडं फुललेली. बायकाही होत्या.

"कोण जितलं?" सावळारामानं पहिल्याला विचारलं.

"पाच लिटर हाय बघा," तो म्हणाला.

दुसऱ्याला विचारलं. दुसरा म्हणाला म्हशीचं आणि गाईचं वेगळं मापा. म्हस्कू आला, त्याचा सदरा खांद्यापासून बटणापर्यंत फाटला होता, बहुतेक तोच पंच झाला होता. सावळारामानं त्याचा हातच धरला. "म्हस्कू, माझ्या गळ्याची आण हाय तुला."

म्हस्कूच्या ओठांवर काहीतरी आलं, पण त्यानं मागं बघितलं. मागं सोपान उभा होता. सगळं अंग मातीनं भरलेलं, गुडघा सोललेला, आणि चेहरा असा की रविवारपासून सावळारामानं तो बघितला नव्हता. हातात घरच्या म्हशीचा कॅन. शेजारी धोंडाबाई.

"मामा, कुणाला विचारू नगासा," सोपान शांतपणे म्हणाला. "सामना सुरू व्हायच्या आधी ठराव झालाय. तुमाला निकाल सांगायचा न्हाय. कुणीच. कवाच."

"आसला कसला ठराव?"

"बिनविरोध. सूचक मी."

"आन अनुमोदन कुणी दिलं?"

"मी," धोंडाबाई म्हणाली.

सावळारामानं कॅन घेतला, दूध मापलं, मशीनला लावलं. सात लागली. म्हैस आटायला लागली होती, तेव्हा फॅट चढतेच. त्यानं सात लिहिली. दुधाच्या गाडीचा हॉर्न कॅनॉलच्या पुलावर वाजला.

"सोपान," तो मान वर न करता म्हणाला, "कोण जितलं ते नगं सांगू. तुजा उतारा तेवढा सांग."

सोपाननं रिकामा कॅन उचलला आणि क्षणभर दारात थांबला.

"शून्य न्हवता मामा," तो म्हणाला, आणि सगळे गेले त्या वाटेनं निघून गेला.